एयूआर: गिट पॅकेजची आवृत्ती मागे गेली, इपॉक लावावा का?

मदत हवी आहे. आर्च लिनक्सच्या एयूआरमध्ये (वापरकर्त्यांनी सांभाळलेला पॅकेज-संग्रह) एक मायनस-गिट पॅकेज सांभाळतो, म्हणजे थेट गिटमधल्या ताज्या कोडवरून बनणारं. मूळ प्रकल्पाला एकही टॅग (आवृत्तीची खूण) नाही, म्हणून पीकेजीव्हर फंक्शन कमिट (कोडमधले नोंदवलेले बदल) मोजून आवृत्ती बनवतं: 'आर', आकडा, कमिटचा हॅश (त्याची ओळखखूण). मागच्या आठवड्यात मूळ लेखकाने जुना इतिहास एकत्र करून फोर्स-पुश केला (सर्व्हरवरचा इतिहास बळजबरीने बदलला) आणि आर४१२ वरून आवृत्ती थेट आर९ वर आली. आवृत्त्यांची तुलना करणारं व्हर्सीएमपी उणे १ देतं, नवी आवृत्ती मागची ठरते. म्हणजे ज्यांच्याकडे जुनं बसवलेलं आहे त्यांना अपडेट दिसणारच नाही.

स्वच्छ क्रूटमध्ये (वेगळ्या, कोऱ्या वातावरणात) बिल्ड होतं, पॅकेज तपासणाऱ्या नेमकॅपची तक्रार नाही. लेखकाला टॅग मागितला, 'देतो' म्हणाला, तारीख नाही. आवृत्तीत आजची तारीख घालणं नको, पुढे ०.१ टॅग आला तर तोच जुना ठरेल.

इपॉक (आवृत्तीपुढे लावायचा, तुलनेत सर्वांत आधी पाहिला जाणारा आकडा) एकदा लावला की काढता येत नाही, म्हणून हात थांबलाय. दुसरा मार्ग सुचला: पुढे शून्य आणि टिंब जोडून '०.आर९' करायचं. व्हर्सीएमपीत हे आर४१२ पेक्षा नवं ठरतं आणि ०.१ पेक्षा जुनं, म्हणजे दोन्ही बाजूंनी बसतं. पण मूळ प्रकल्पात नसलेला आकडा मी पदरचा घालणं पॅकेजिंगच्या नियमांत बसतं का, की अशा वेळी इपॉकच योग्य?