सल्ला हवा: ऊसतोड स्थलांतरावर पीएचडी करायची आहे, आकडे कुठून आणू?

फडावरची_पोर
नमस्कार मंडळी. मी केज तालुक्यातली. संख्याशास्त्रात एमएस्सी झालंय, आता लोकसंख्याशास्त्रात पीएचडीसाठी अर्ज करायचाय. विषय डोक्यात पक्का आहे: ऊसतोडीचं हंगामी स्थलांतर आणि बायकांचं आरोग्य. चुलत्याचं घर अजूनही दर दिवाळीनंतर कोयत्यावर (ऊस तोडायला) जातं, त्यामुळं विषय शोधायला कुठं जावं लागलं नाही.

अडचण आकड्यांची आहे. ज्या सरांना भेटले ते म्हणाले, "एनएफएचएस (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी) घे, रिग्रेशन मार, दोन पेपर होतात." हे एवढं सोपं आहे का? फुकटात कुठला डेटा मिळतो? प्रवेश आणि फेलोशिपचंही कुणी सांगितलं तर बरं. घरून पैसे मागायची सोय नाही.

गोवंडी_स्लो
सर अर्धं बरोबर बोलले. मी देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेत शिकलो, तिथूनच एनएफएचएस चालतं. पाचवी फेरी २०१९-२१ ची, ७०७ जिल्हे, ६ लाख ३६ हजारांवर घरं. डेटा फुकट आहे. नाव नोंदवून, विषयाचा चार ओळींचा गोषवारा देऊन मागायचा. पूर्वी सगळे अमेरिकेच्या डीएचएस प्रोग्रॅमच्या साइटवरून घ्यायचे. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकन मदत थांबली तेव्हा तिथले नवीन अर्ज बंद पडले आणि ऐन प्रबंधाच्या वेळी अनेकांची पंचाईत झाली. तेव्हा तिथे बघच, पण संस्थेकडेही अर्ज टाकून ठेव. आणि एकदा उतरवलेली फाइल दोन ठिकाणी जपून ठेव.

बायकांची फाइल 'आयआर', जन्मांची 'बीआर', घरातल्या माणसांची 'पीआर'. नमुन्याच्या वजनाचा (सॅम्पल वेट) आकडा दहा लाखांनी भागायचा असतो. स्टेटा हे सॉफ्टवेअर विकत घेऊ नकोस, फुकटच्या 'आर'मध्ये सगळं होतं.

अवांतर: ठाणे जिल्ह्याची चौथ्या आणि पाचव्या फेरीत तुलना करणारे पेपर दिसले तर हसून सोडून दे. चौथ्या फेरीत जिल्हे २०११ च्या जनगणनेचे होते, पालघर ठाण्यातच होता. पाचव्यात तो वेगळा. "ठाण्यात सुधारणा" म्हणून जे दाखवतात त्यातला काही भाग नुसता नकाशा बदलल्याचा असतो.

बिंदुसरा
गोवंडी, सगळं खरं, पण मूळ प्रश्नाचं काय? एनएफएचएसमध्ये ऊसतोड बाई ओळखायची कशी? बायकांना कामधंद्याचे प्रश्न फक्त राज्य मॉड्यूलमध्ये, म्हणजे साधारण १५ टक्के घरांत विचारतात. बीडच्या वाट्याला त्यातल्या किती येतील ते बोटावर मोजा. आल्या तरी 'शेतमजूर' एवढंच कळणार. कोयत्यावर जाणारी आणि गावातच खुरपायला जाणारी एकाच कप्प्यात.

गोवंडी_स्लो
मान्य. त्यातल्या त्यात एक करता येईल. महाराष्ट्र पहिल्या टप्प्यात होता, म्हणजे इथलं काम कोविडच्या आधी, २०१९ च्या उत्तरार्धात झालं. फाइलमध्ये मुलाखतीचा महिना असतो. बीडच्या मुलाखती टोळ्या निघायच्या आधी झाल्या की नंतर, ते पहिल्या दिवशी बघ. आदल्या रात्री जी बाई त्या घरात झोपली तीच मुलाखतीला पात्र. घराला कुलूप असेल तर दुसरं घर घेत नाहीत, ते घर गळतं.

निवृत्त_अन्वेषक
नमुना पाहणीत तीस वर्षं काढली, आता नातवंडं सांभाळतो. पोरी, तुझा प्रश्न वाचून राहवलं नाही.

तू राष्ट्रीय नमुना पाहणीची ६४वी फेरी बघ, जुलै २००७ ते जून २००८. विषयच स्थलांतराचा होता. त्यात अल्पमुदतीचा स्थलांतरित म्हणजे वर्षभरात कामासाठी महिनाभर किंवा जास्त, पण सहा महिन्यांपेक्षा कमी बाहेर राहिलेला. आता सांग, दिवाळीनंतर गेलेली टोळी कधी परतते? कारखाना मार्चमध्ये बंद झाला तर माणूस व्याख्येत बसतो. ऊस जास्त असला, हंगाम एप्रिल-मेपर्यंत लांबला, तर सहा महिने ओलांडले आणि तो व्याख्येबाहेर. म्हणजे पाऊस बरा झाला की तुझे स्थलांतरित कमी होणार! आम्ही हे तेव्हाही बोलायचो, पण सूचनापुस्तिका ती सूचनापुस्तिका.

दुसरं कुलपाचं. जानेवारीत आम्ही धारूरकडच्या वाड्यांवर जायचो तर ओळीनं घरं बंद. आमच्यात बंद घराच्या बदली दुसरं घर घ्यायची मुभा होती. बदली कुठलं मिळणार? जे गेलं नाही ते. जिथं कुणी होतं तिथं आजी आणि दोन नातवंडं. आजी सांगायची, "समदी कोल्हापुराकडं गेलीत." गेलेली माणसं आम्ही लिहून घ्यायचो, पण आजीला काय ठाऊक सुनेला तिथं काय होतंय.

फेरी तीन-तीन महिन्यांच्या चार उपफेऱ्यांत होते. जुलै-सप्टेंबर आणि जानेवारी-मार्च या दोन वेगळ्या काढ. मराठवाड्यात कुटुंबाचा आकार, सोळा ते चाळीस वयाची माणसं, सगळं ताडून बघ. फरक दिसला तर तोच तुझा पहिला पेपर.

डेटा सांख्यिकी मंत्रालयाच्या मायक्रोडेटा साइटवर फुकट आहे, पूर्वी पैसे पडायचे. गुणक (म्हणजे आमच्याकडचं नमुन्याचं वजन) मात्र जपून वापर: उपनमुन्याचा आकडा (एनएसएस) आणि एकत्रित नमुन्याचा आकडा (एनएससी) सारखे असतील तर शंभरनं, नसतील तर दोनशेनं भागायचं. फाइलसोबतचा कागद न वाचता भागाकार केलेले किती तरी लोक मी पाहिलेत.

काळी_माती
+१ काका. वाचनखूण साठवली.

फडावरची_पोर
काका, "पाऊस बरा झाला की स्थलांतरित कमी" हे वाचून दोन मिनिटं तशीच बसले. आमच्याकडं उलटं म्हणतात, ऊस जास्त तर उचल (मुकादमाकडून मिळणारी आगाऊ रक्कम) जास्त.

जनगणनेचं काय? तिथं तरी सगळे मोजले जात असतील ना?

बिंदुसरा
मोजले जातात, पण कुठं ते विचार. २०११ ला मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी होती. त्या पूर्ण काळात जो घरी नव्हता त्याला घरी मोजायचं नाही, जिथं सापडेल तिथं मोजायचं, असा नियम. म्हणजे आपली माणसं फडावरच्या कोप्यांत (झोपड्यांत) मोजली गेली, जर प्रगणक कोपीपर्यंत पोचला असेल तर. पुढची जनगणनाही १ मार्च २०२७ च्या तारखेची आहे, पुन्हा ऐन हंगाम. स्थलांतराचे तक्ते 'डी' मालिकेत असतात, कारणनिहाय हवं तर 'डी-३'. बायकांच्या रकान्यात 'लग्न' हे कारण इतकं मोठं दिसतं की बाकी सगळं त्याखाली दबतं.

तुझ्या आरोग्याच्या भागाबद्दल. गर्भाशय काढण्याच्या प्रकरणावर २०१९ मध्ये शासनाने समिती नेमली होती. बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. एनएफएचएसमध्ये देशाचा आकडा ३ टक्क्यांच्या आसपास. लोक हे दोन आकडे शेजारी ठेवून मोकळे होतात. तू तसं करू नकोस. एनएफएचएसच्या छेदात पंधरा वर्षांची शाळकरी पोरगीही आहे. आधी वयं सारखी कर, मग बोल. तरी फरक उरेलच, पण मग तुला कुणी खोडू शकणार नाही. शस्त्रक्रिया किती वर्षांपूर्वी, कुठल्या दवाखान्यात, कशासाठी, हे प्रश्न एनएफएचएसमध्ये आहेत. ४५ च्या पुढच्या बायकांसाठी लासी (उतारवयातल्यांची देशव्यापी पाहणी) बघ, पहिली फेरी २०१७-१८ ची.

रोस्टॉककर
जर्मनीतून थोडं. बाहेरच्या डेटात तुला फार काही नाही. इथल्या माक्स प्लांक संस्थेचा मृत्यूदरांचा प्रसिद्ध डेटाबेस आहे, त्यात भारत नाही, कारण आपली जन्म-मृत्यू नोंदणी त्यांच्या निकषाला उतरत नाही. मिनेसोटाच्या आयपम्समध्ये (देशोदेशींच्या जनगणनांच्या डेटासाठ्यात) भारत म्हणून जे दिसतं ते जनगणना नव्हे, आपल्याच नमुना पाहणीच्या जुन्या फेऱ्या, १९८३ पासूनच्या. काकांचंच काम इथं इंग्रजी टोपी घालून बसलंय.

संधी मात्र बघ. ऑस्ट्रियात लाक्सेनबुर्गच्या आयआयएएसए या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेत पीएचडीवाल्यांसाठी जून ते ऑगस्ट उन्हाळी कार्यक्रम असतो. प्रवेश मिळाला, थोडं काम हातात आलं की अर्ज कर. माझा अनुभव: गुणपत्रिकेपेक्षा "प्रश्न काय आहे" ते एका पानात सांगता येतं का, हे बघतात. तू वर जे लिहिलंस ते बऱ्याच अर्जांपेक्षा चांगलं आहे.

खडू_फळा
पैशांचं सांगतो. नेटमध्ये 'लोकसंख्या अभ्यास' हा स्वतंत्र विषय आहे, बऱ्याच जणांना माहीतच नसतो. त्यातून जेआरएफ (संशोधनाची फेलोशिप) मिळाली तर सध्या महिना ३७ हजार. नाही मिळाली तर प्रवर्गाप्रमाणे बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या फेलोशिप. दोन फेलोशिप एकदम घेता येत नाहीत. जाहिराती कधी येतील ते पंचांगात नसतं, म्हणून जातवैधता आणि नॉन-क्रिमिलेअर आत्ताच काढून ठेव. ऐनवेळी सेतू केंद्राच्या रांगेत माझी एक संधी गेली आहे.

मधल्या काळात पाहणीचं काम मिळतं, अन्वेषक किंवा पर्यवेक्षक म्हणून. मी एका एजन्सीकडे केलं (नाव नको, प्रवासभत्ता आठ महिन्यांनी आला). पण प्रश्नावली घेऊन दीडशे उंबरे झिजवल्यावर डेटाकडे बघायची नजर बदलते.

पुण्यात गोखले संस्थेत लोकसंख्या संशोधन केंद्र आहे, केंद्र सरकारच्या अनुदानावर चालणाऱ्या १८ पैकी एक. जाऊन ये एकदा.

फडावरची_पोर
सगळ्यांचे आभार. ठरवलंय ते लिहिते. ६४व्या फेरीच्या उपफेऱ्या आधी. एनएफएचएस वयं सारखी करून, पण "ऊसतोड बायका" हा शब्द त्यात वापरायचा नाही. मूळ काम स्वतःच्या पाहणीवर: चार वाड्या, घरोघर यादी, एकदा सप्टेंबरात आणि तीच घरं पुन्हा मे महिन्यात. नैतिकता समितीची परवानगी आधी लागेल, ते शोधते.

काका, एक विचारायचं राहिलं. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, पण सून एका मुकादमाकडं आणि सासू दुसऱ्याकडं असेल, चूल गावात एकच असेल, तर कुटुंब एक लिहायचं की दोन?

निवृत्त_अन्वेषक
चूल एक तर कुटुंब एक. पण मे महिन्यात परत जाशील तेव्हा चूल अजून एकच आहे का ते आधी बघ. उचल फिटली नाही की चुली वेगळ्या होतात.