मदत हवी आहे: पॉलिमर क्लेच्या मोदकांची नाकं मोडतायत, वर रंगही पिवळा पडतोय

चिमुकली_भातुकली:

नमस्कार मंडळी. मी मुलुंडला राहते. गेलं वर्षभर पॉलिमर क्लेची (ओव्हनमध्ये भाजून कडक होणारी कृत्रिम माती) नखाएवढी भातुकली करतेय: वडापाव, कटिंगचा ग्लास, केळीच्या पानावर वरणभात, असलं काहीबाही. त्याची किचेन आणि कानातली. आतापर्यंत मैत्रिणींना फुकट वाटत होते, म्हणून काही बिघडलं तरी कुणी बोललं नाही. आता सोसायटीतल्या बायकांनी गणपतीसाठी उकडीच्या मोदकांच्या कानातल्यांच्या पंचवीस जोड्या सांगितल्यात, पैसे आगाऊ दिलेत आणि नेमकं आत्ताच सगळं बिनसलंय.

मोदक साधारण 12 मिलिमीटरचा. गोळी वळायची, बुडाशी चपटी करायची, चिमटीने नाक काढायचं आणि सुईच्या बोथट टोकाने खालून वर नऊ कळ्या ओढायच्या. अकरा काढून पाहिल्या, पण एवढ्याशा जागेत त्या एकमेकींना चिकटतात. एका मोदकाला दहा मिनिटं जातात हो! खाली हिरव्या क्लेचं केळीचं पान. असल्या नऊ जोड्या भाजल्या आणि त्यांची ही अवस्था:

नाक मोडतं. आठ दिवसांनी हूक अडकवायला हातात घेतलं तर टक् करून टोकच तुटलं. आतून खडूसारखं भुसभुशीत. पांढरा रंग पिवळट झालाय, पण फक्त वरच्या बाजूने, बुडाशी छान पांढरा आहे. हिरव्या पानावर नखाच्या चंद्रकोरीसारखे पुसट डाग उठलेत. आणि चकाकीसाठी नेलपॉलिशचा पारदर्शक हात दिला होता, तो आता चिकट लागतो. मोदक डबीला चिकटून बसले, सोडवताना दोन पानं गेली.

ओव्हन म्हणजे घरातला लहान ओटीजी. पॅकेटवर 130 अंश, 6 मिलिमीटर जाडीला 30 मिनिटं लिहिलंय. मी 130 लावून वीसच मिनिटं ठेवलं, कारण पिवळं दिसायला लागल्यावर धीर सुटला. खाली ट्रे, वर-खाली दोन्ही रॉड चालू.

गणपतीला सहा आठवडे उरलेत. आणि सासूबाईंचा प्रश्न वेगळाच आहे: त्या ओव्हनमध्ये नानकटाई पुन्हा करायची की नाही?

टोमणे_काकू:

उकडीचे मोदक आणि ओव्हनमध्ये? कुकरला लाव गं, एक शिट्टी.

हौशी_हात:

क्लेचा नाद सोडा. कॉर्नफ्लोअर, फेविकॉल, थोडं तेल, लिंबाचा रस, मंद आचेवर गोळा होईपर्यंत हलवायचं. भाजायची भानगडच नाही. मी फुलं करते, मस्त होतात.

मातीचे_पाय:

हौशी_हात, तुमची फुलं काचेच्या कपाटात राहत असतील. पावसाळ्यात लोकलच्या गर्दीत घामेजलेल्या मानेला ती टेकली की ओल धरतात, मऊ पडतात. कानातल्यांना नको.

काकू, विनोद बाजूला ठेवून सांगतो, शिट्टीच्या कुकरात साधारण 120 अंशांपर्यंत मजल जाते, त्यामुळे कल्पना अगदीच वेडी नाही. पण वाफेने क्लेवर पांढुरकी छटा चढते.

भातुकलीताई, तुमच्या ओव्हनच्या आत थर्मामीटर आहे का? बटणावरचा आकडा मला नको.

चिमुकली_भातुकली:

नाही. बटणावर 130 आहे म्हणजे आत 130च ना?

मातीचे_पाय:

इथेच घोळ आहे. छोट्या ओटीजीत रॉड लाल होतो, बंद होतो, परत लाल होतो. आतली हवा कधी फार वर, कधी फार खाली. मोदकाचा माथा वरच्या रॉडपासून चार बोटांवर, म्हणून तो करपायच्या बेतात, आणि पोट अजून कच्चं. एकाच मोदकात पिवळं आणि ठिसूळ दोन्ही कसं, याचं उत्तर हे.

आणि एक समज काढून टाका. ही माती वाळत नाही. पॉलिमर क्ले म्हणजे पीव्हीसीचे बारीक कण आणि त्यांना मऊ ठेवणारं प्लास्टिसायझर. उष्णतेने ते द्रव्य कणांत मुरतं आणि कण एकमेकांत वितळून जुळतात. तेवढी उष्णता पोटापर्यंत पोचली नाही तर कण नुसते शेजारी शेजारी बसलेले राहतात. बाहेरून कडक लागतं, पण वाकवलं की तुटतं. तुमचं खडूसारखं दिसतं ते हेच.

घाबरून वेळ कमी केलात ती दुसरी चूक. पिवळेपणा तापमानाने येतो, वेळेने नाही. तापमान बरोबर असेल तर 12 मिलिमीटरच्या मोदकाला बिनधास्त तासभर ठेवा. तापमानही त्या त्या पॅकेटचं पाळा, व्हिडिओतलं नको. फिमो ब्रँडच्या क्लेवर 110 असतं, प्रीमोवर 130. सगळ्यांना एकच आकडा लावून चालत नाही.

क्रॉफर्ड मार्केटात केकचं सामान विकणारी दुकानं आहेत, तिथे ओव्हन थर्मामीटर मिळेल. येताना एक जाड सिरॅमिक लादी आणा. लादी खालच्या जाळीवर ठेवून रिकामा ओव्हन वीस मिनिटं तापवा. लादी उष्णता धरून ठेवते, मग चढउतार कमी होतो. लादीवर साधा कागद, कागदावर मोदक. कागद नसेल तर बूड जिथे टेकतं तिथे चकचकीत चट्टा पडतो. वरून अॅल्युमिनियम फॉइलची छपरी करा, मोदकांना न टेकणारी.

चिमुकली_भातुकली:

आणि चंद्रकोरी? नेलपॉलिश?

मातीचे_पाय:

चंद्रकोरी ओलसर हवा आणि मळताना अडकलेली हवा, या दोन्हींमुळे येतात. क्लेची घडी घालून मळू नका, दाबून लाटा. हात पुसत राहा, उरलेली क्ले घट्ट झाकून ठेवा.

नेलपॉलिश कायमचं बंद. त्यातलं सॉल्व्हंट क्लेच्या पृष्ठभागाशी झगडतं, कधी लगेच, कधी महिन्याभराने चिकट होतं. कापसावर किंचित रिमूव्हर घेऊन एकदाच पुसा, घासत बसू नका. मग 600 नंबरचा पॉलिशपेपर पाण्यात बुडवून हलका फिरवा. पाण्यातच, नाहीतर ती पावडर नाकात जाते. पाण्यावर आधारलेलं व्हार्निश मिळतं, त्याचा पातळ हात द्या. खरं तर उकडीच्या मोदकाला तुपाची चकाकी माथ्यावरच हवी, सगळा मोदक काचेसारखा केला की खोटा दिसतो. पण तो आवडीचा भाग.

परळची_पोर:

मध्येच बोलते. आयपिन (हूक अडकवायची, टोकाला कडी असलेली तार) नुसती खुपसू नका, सरळ तार हळूहळू निसटते. पक्कडीने टोकाला बारीक आकडा करा, मग भाजायच्या आधी आत घाला. आयपिना, जंपरिंगा (जोडायच्या बारीक कड्या), हूक हे सगळं अब्दुल रहमान स्ट्रीट नाहीतर भुलेश्वर. रविवारी जाऊ नका, बरीच दुकानं बंद असतात.

आणि सासूबाईंचं बरोबर आहे. क्ले आणि खाणं एका वेळी कधीच नको. क्ले जळली तर हायड्रोजन क्लोराइड सुटतो, डोळे आणि घसा चुरचुरतो. कधी जळलीच तर ओव्हन बंद, खिडक्या उघड्या, आणि सगळे बाहेर. मी नानकटाईचा ओव्हन नानकटाईलाच ठेवलाय, क्लेला जुना, कुणीतरी भंगारात काढलेला.

चिमुकली_भातुकली:

थर्मामीटर आणला! बटणावर 130, तर वरच्या जाळीवर काटा 165ला जाऊन 120ला परत. खालच्या जाळीवर 105. मी आजवर कुठल्या भरवशावर भाजत होते कोण जाणे.

काल लादी, कागद, छपरी सगळं केलं. बटण 145वर आणलं तेव्हा कुठे लादीपाशी काटा 130वर टिकला. मोदक ठेवायच्या आधी उरलेल्या क्लेची 2 मिलिमीटरची पट्टी तासभर भाजली. गार झाल्यावर करंगळीला गुंडाळली, वळली पण तुटली नाही. आधीच्या पद्धतीने भाजलेल्या पट्टीचे तीन तुकडे झाले होते.

ओव्हनचा निकालही लागला. हा ओटीजी माझा, सासूबाईंना नवा घेऊन द्यायचा. म्हणजे पंचवीस जोड्यांचा नफा गेला तिकडे.

आता एकच. आधीच्या नऊ जोड्या पुन्हा भाजता येतील का? आणि त्या पिवळ्या माथ्यांचं काय करू? टाकवत नाहीत.

मातीचे_पाय:

भाजता येतात. नेलपॉलिश काढून, त्याच मापाने तासभर. मोडलेल्या नाकांना कच्च्या क्लेची नवी टोकं लावा, सांध्यात लिक्विड क्लेचा (पातळ, ओतता येणारी पॉलिमर क्ले) थेंब, म्हणजे भाजताना जुळतील. पिवळेपणा मात्र जाणार नाही.

टोमणे_काकू:

जायला कशाला हवा? सॉफ्ट पेस्टलचा खडू ब्लेडने खरवड, तपकिरी आणि थोडा गेरवा, कोरड्या ब्रशने कळ्यांच्या कडांवर फिरव आणि तळणीचे म्हणून वीक. आमच्याकडे गणपतीला तेच असतात. एक जोडी मला ठेव.