मदत हवी आहे: मधुमेहाने पोट मंदावलंय, प्रोबायोटिक द्यावं का?

नमस्कार मंडळी. प्रश्न माझ्या सासऱ्यांचा आहे. वय सत्तरीच्या पुढे, मधुमेह जुना, इन्सुलिन चालू. तळपायांची जळजळ आणि मुंग्या बरीच वर्षं होत्याच, आता दुखणं पोटात उतरलंय. चार घासांत पोट गच्च, करपट ढेकरा, मधूनच उलटी. एकदा सकाळी उलटी झाली तर त्यात आदल्या रात्रीच्या उसळीतली मटकी अख्खी, जशीच्या तशी. त्या दिवसापासून 'पित्त झालंय' म्हणणं घरात बंद झालं.

एंडोस्कोपीत अडथळा दिसला नाही. मग जठर रिकामं व्हायला किती वेळ लागतो त्याचा स्कॅन केला. किरणोत्सारी द्रव्य घातलेली इडली खायला देतात आणि चार तास मधूनमधून फोटो घेतात. शेवटी 10 टक्क्यांहून जास्त अन्न उरलं तर जठर मंद धरतात. बाबांचं बरंच जास्त उरलं होतं. निदान गॅस्ट्रोपॅरेसिस. जठराची हालचाल सांभाळणारी व्हेगस नस साखरेने खराब झालीय म्हणे. यात गोची अशी की अन्न जठरातच बसून राहतं, इन्सुलिन मात्र आपल्या वेळेला काम करून मोकळं होतं. त्यामुळे जेवण झाल्यावर साखर खाली आणि मध्यरात्री वर.

जेवणात बदल केलेत: मऊ भात, मुगाचं वरण, भाजी शिजवून घोटून, थोडंथोडं पाच-सहा वेळा, तेलतूप कमी, कच्ची कोशिंबीर नाही. मेथीदाणे आणि इसबगोलही डॉक्टरांनी बंद केले, कारण त्यांनी जठर आणखी रेंगाळतं. (सासूबाईंना हे अजून पटलेलं नाही. मेथ्या साखरेला चांगल्या, हे त्यांनी आयुष्यभर ऐकलंय.)

आता मुद्द्याचं. केमिस्टपासून आत्येसासूबाईंपर्यंत सगळे 'प्रोबायोटिक (पोटाला चांगले म्हणतात ते जिवंत सूक्ष्मजीव) द्या' म्हणतायत. फॅमिली डॉक्टरांनी लॅक्टोबॅसिलस-बिफिडोच्या कॅप्सूल दिल्या. सुरुवातीला पोट साफ व्हायला लागलं, पण नंतर फुगारा इतका वाढला की बाबा लेंग्याची नाडी सैल सोडून बसतात. मी वाचलं ते असं: नसा बिघडल्या की लहान आतड्यातलं अन्नही नीट पुढे जात नाही, तिथे जिवाणू माजतात, त्याला सिबो म्हणतात. मग तिथे वरून आणखी जिवाणू कशाला घालायचे? अमेरिकेतल्या ऑगस्टा विद्यापीठाच्या डॉक्टरांचा 2018 चा एक लेख आहे, त्यात प्रोबायोटिक घेणाऱ्या काही रुग्णांना सिबो, पोटफुगी आणि डोकं जड, विचार धूसर असा त्रास होता. उलट काही अभ्यासांत सिबोमध्ये प्रोबायोटिकने आराम पडल्याचंही आहे. कुणाच्या घरी मधुमेहाच्या पोटावर हे दिलंय का? कोणतं? पोटाच्या डॉक्टरांची पुढची तारीख लांब आहे, तोवर कॅप्सूल चालू ठेवाव्यात का?

गवतीचहा: आईला हेच होतं. प्रोबायोटिकने जठराची गती वाढत नाही, हे आधी मनात पक्कं करा. नस दुरुस्त करणं त्याच्या आवाक्यातलं नाही. गॅस आणि शौचाच्या तक्रारीत फरक पडला तर पडतो. आईची श्वासाची हायड्रोजन टेस्ट केली, सिबो निघाला, रिफॅक्झिमिन या अँटिबायोटिकचा कोर्स झाला आणि फुगारा उतरला. प्रोबायोटिक पुन्हा लागलंच नाही. फुगारा कॅप्सूलनंतरच वाढला असेल तर तारखेची वाट न बघता फोन करून विचारा. अजून एक, गोळ्यांत लेव्होसल्पिराइड (जठराची हालचाल वाढवायला देतात ते औषध) आहे का बघा. म्हाताऱ्या माणसांत त्याने हात थरथरणं, चाल जखडणं होऊ शकतं.

बाटलीवाला: औषधांच्या धंद्यात आहे म्हणून सांगतो. 'प्रोबायोटिक' म्हणजे एकच वस्तू नव्हे, पाकिटावर जिवाणूचं पूर्ण नाव बघा. बॅसिलस क्लॉसी बीजाणूंच्या रूपात असतो, जठरातल्या आम्लात टिकतो. सॅकरोमायसिस बुलार्डी ही यीस्ट आहे, त्यामुळे अँटिबायोटिकने मरत नाही. पण प्रतिकारशक्ती फार खालावलेल्यांना किंवा गळ्यात सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) असलेल्यांना ती देत नाहीत, रक्तात संसर्ग झाल्याच्या नोंदी आहेत. दुकानात मिळणाऱ्या गोड बाटल्यांतली साखर मधुमेह्याच्या हिशेबात धरा. बाबा मेटफॉर्मिनवर (साखरेची गोळी) असतील तर गॅस-जुलाब त्यानेही होतात, आणि बी-12 कमी होऊन नसांचं दुखणं वाढतं. ते तपासलंय का?

आजीचीताकवाटी: घरचं ताक पातळ करून, साय काढून, जिरं लावून द्या. पातळ पदार्थ अशा पोटातून लवकर सुटतो. फक्त कढी करून 'प्रोबायोटिक दिलं' म्हणू नका, उकळीत जिवाणू मरतात.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. मेटफॉर्मिन चालू आहे, बी-12 कधीच तपासलेलं नाही, उद्याच रक्त देतोय. फॅमिली डॉक्टरांशी बोलणं झालं, कॅप्सूल सध्या थांबवल्यात. लेव्होसल्पिराइड ॲसिडिटीच्या पँटोप्रॅझोल गोळीत जोडीने निघालं! हाताची थरथर थोडी आहेच, आम्ही ती वयाची समजत होतो. गवतीचहा, श्वासाच्या टेस्टला आदल्या दिवशी खाण्याचं काय पथ्य होतं? आणि इन्सुलिनवरच्या माणसाला उपाशीपोटी तेवढा वेळ बसवताना साखर कशी सांभाळलीत?