मदत हवी आहे: बंगल्यातल्या पूलला पावसाळ्यासाठी आधाराचं कव्हर कोणतं घ्यावं?

तुंगार्लीकर:
लोणावळ्यातला पूल आहे. 8 मीटर × 4 मीटर, खोली 1.2 ते 1.5 मीटर, आरसीसी, आतून टाइल, स्किमरचा (पाण्यावरचा कचरा ओढून घेणारं तोंड भिंतीत असलेला). कडेला 30 सेंमी रुंद ग्रॅनाइटचं कोपिंग (काठावरची दगडी पट्टी), त्यापलीकडे भरावावर टाकलेली कोटा फरशी. डोक्यावर जांभूळ आहे. घरात 4 आणि 7 वर्षांची मुलं आहेत, म्हणून पाण्यावर तरंगणारं कव्हर नको, वजन पेलणारं हवं. तीन पर्याय समोर आलेत:
अ) दर मीटरला जीआयची (जस्ताचा मुलामा दिलेली) तार ताणून त्यावर जाड ताडपत्री
ब) आडवे अ‍ॅल्युमिनियम पाइप घातलेलं पीव्हीसी कापड
क) स्प्रिंग आणि पट्ट्यांवर ताणलेली जाळी
अ सगळ्यात स्वस्त आहे. जूनच्या आत बसवायचं आहे. काय बघून ठरवू?

काटकोन:
वजन शेवटी कुठे उतरतं ते बघा, निवड त्यावरच ठरते.

अ मध्ये सगळा भार तारेच्या ताणावर आणि तिथून अँकरवर (काठात पक्क्या बसवलेल्या खुंट्यांवर) जातो. 1 मि.मी. पाऊस म्हणजे चौरस मीटरला 1 लिटर, म्हणजे 1 किलो. ताडपत्रीवर 5 सेंमी पाणी साचलं की दर मीटरला असलेल्या तारेवर मीटरमागे 50 किलो भार येतो. 4 मीटरच्या गाळ्यात तार मधोमध 10 सेंमी झुकली असेल, तर तिच्यातला ताण होतो 50 × 4 × 4 ÷ (8 × 0.1), म्हणजे 1000 किलो. तार जितकी घट्ट ताणाल तितका हा आकडा वाढतो. झोळ 5 सेंमीवर आणलात तर 2000. एवढ्या ओढीला ग्रॅनाइटची पट्टी अँकरसकट मॉर्टरमधून सुटून येते. शिवाय झोळ पडला की तिथेच आणखी पाणी जमतं, आणि भार वाढतच जातो. लोणावळ्यात एका दिवसात 200 मि.मी. पडणं ही नवलाची गोष्ट नाही. मुलं घरात असताना अ चा विचारसुद्धा करू नका.

क वाईट नाही. जाळीवर पाणी साचत नाही. पण तिचाही भार आडवा अँकरवरच येतो, त्यामुळे अँकरखाली सलग काँक्रीटचा डेक लागतो. तुमच्याकडे कोट्याखाली भराव आहे.

ब मध्ये पाइप दोन्ही टोकांनी कोपिंगवर टेकतो आणि भार सरळ खाली भिंतीत जातो. तुमच्या जागेला हेच योग्य. फक्त पाइपची जाडी स्वतः मोजून घ्या. 50 मि.मी. व्यासाचा, 2 मि.मी. जाडीचा पाइप मधोमध 50 किलोला साधारण 12-13 सेंमी वाकतो. 60 मि.मी. व्यास आणि 3 मि.मी. जाडी घेतली तर तेवढ्याच वजनाला 5 सेंमी. दिसायला दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून कापलेल्या टोकाला व्हर्नियर (बारीक जाडी मोजायचं साधन) लावा. धातू 6063-टी6 (अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा दर्जा) असं बिलावर लिहून घ्या.

लांबी 4.5 मीटर, म्हणजे दोन्हीकडे 25 सेंमी कोपिंगवर. पाइप एकसंध हवा, मधे जोड नको. एकूण 8 पाइप: दोन टोकांच्या कोपिंगवर, सहा पाण्यावर, अंतर साधारण 1.2 मीटर. टोकांना रबरी टोप्या हव्यातच, नाहीतर पाइपची धार पहिल्याच पावसाळ्यात कापड फाडते.

तुंगार्लीकर:
धन्यवाद, अ रद्द. कापड किती जाड घ्यावं? आणि ब वर पाणी साचणार नाही का?

काटकोन:
कापड 650 जीएसएम (चौरस मीटरला 650 ग्रॅम), पीव्हीसीचा लेप असलेलं पॉलिएस्टर, अपारदर्शक. पाइपचे खिसे शिवलेले नकोत, गरम हवेने वेल्ड केलेले हवेत. शिवणीचा दोरा उन्हात आणि क्लोरीनमध्ये आधी जातो.

पाणी साचतं, म्हणून दर दोन पाइपांमधल्या खोलगट भागात भोकं लागतात. तुमचा एक खाना साधारण 4.8 चौरस मीटरचा. तासाला 50 मि.मी. पाऊस धरला तर त्यावर मिनिटाला 4 लिटर पाणी येतं. 10 मि.मी.च्या एका भोकातून, वर 5 सेंमी पाणी असताना, मिनिटाला जेमतेम पावणेतीन लिटर उतरतं. म्हणून खान्याला चार भोकं सांगा, जाळीच्या ग्रोमेटसकट (भोकाच्या कडेला बसवायच्या कडीसकट). जांभळाचं एक ओलं पान एक भोक सहज बंद करतं.

पट्ट्यांचे अँकर एसएस 316 (गंज न धरणारं स्टेनलेस स्टील) चे. कोपिंगमागे दर मीटरला 30 × 30 × 45 सेंमीचा काँक्रीटचा ठोकळा ओतून त्यात बसवा. त्यांचं काम वाऱ्याला कव्हर धरून ठेवण्याचं, वजन पेलण्याचं नाही.

निवळी:
वरच्या हिशेबाशी सहमत. पाण्याच्या बाजूने थोडं.

ते सगळं पाणी पूलमध्येच येणार. 200 मि.मी. म्हणजे 6400 लिटर. कोपिंगच्या 12 सेंमी खाली 75 मि.मी.चा ओव्हरफ्लो पाइप नसेल तर आधी तो करा. पावसाळ्यात पूल रिकामा मात्र ठेवू नका. बाहेरचं भूजल वर चढलं की रिकामी टाकी खालून उचलली जाते, तडकते. शिवाय कव्हरवर कुणी पडलं तर खालचं पाणीही आधार देतं, म्हणून पातळी कोपिंगच्या 30 सेंमीहून खाली जाऊ देऊ नका.

पावसाच्या पाण्याने अल्कलिनिटी (पाण्याची पीएच स्थिर धरण्याची क्षमता) घसरते आणि मागोमाग पीएच. दर आठवड्याला तपासा: अल्कलिनिटी 80 ते 120 पीपीएम (दहा लाखांत इतके भाग), पीएच 7.2 ते 7.6, क्लोरीन 1 ते 3 पीपीएम. तुमच्या साधारण 43,000 लिटरला अल्कलिनिटी 10 पीपीएम वाढवायला पाऊण किलो खायचा सोडा पुरतो. शॉक डोस (एकदम जास्त क्लोरीन) दिलात तर क्लोरीन उतरेपर्यंत कव्हर पूर्ण उघडं ठेवा. कोंडलेली वाफ कापडाचा लेप आणि धातू दोन्ही खाते.

कव्हरवर पाणी राहिलं तर डासांची अंडी 8-10 दिवसांत डास होऊन उडतात. माळ्याला आठवड्यातून एकदा लांब झाडूने खाने झाडायला सांगा.

आणि मुलांसाठी: अर्धं गुंडाळलेलं कव्हर म्हणजे कव्हर नाहीच. एकतर पूर्ण लावलेलं, नाहीतर पूर्ण काढलेलं आणि मोठं माणूस समोर. 1.2 मीटरचं कुंपण आणि आपोआप बंद होणारं फाटक कव्हर असलं तरी लागतंच. माप म्हणून एएसटीएम एफ 1346 (पूलच्या सुरक्षा कव्हरचं अमेरिकन मानक) विचारा. त्यात तुमच्या रुंदीच्या कव्हरने 220 किलो पेलावं लागतं. "मजबूत आहे हो" हे उत्तर चालणार नाही.

तुंगार्लीकर:
ब ठरलं. बसवल्यावर तपासायचं कसं?

काटकोन:
शेवटचा हप्ता देण्याआधी दोन गोष्टी करा. मधल्या पाइपशेजारी कोपिंग ते कोपिंग दोरा ताणा. सिमेंटची 50 किलोची गोणी प्लास्टिकमध्ये बांधून पाइपच्या मधोमध ठेवा आणि दोऱ्यापासून पट्टीने मोजा. 6 सेंमीच्या वर वाकला तर पाइप पातळ आहे. मग गोणी काढा आणि एका खान्यात 200 लिटरचं पिंप ओता. अर्ध्या तासात पाणी गेलं नाही तर भोकं वाढवून घ्या, तीही फॅब्रिकेटरकडूनच. घरी चाकूने पाडलेलं भोक तिथूनच फाटत जातं.