मदत हवी आहे : अवक्षेपणाच्या रिअॅक्टरमध्ये नियंत्रण पीएचवर ठेवावे की प्रवाहांच्या गुणोत्तरावर?

नमस्कार. बडोद्याजवळ नंदेसरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात आम्ही मॅग्नेशियम क्लोराइडच्या द्रावणात कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइडचे द्रावण) घालून मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचा अवक्षेप काढतो. रिअॅक्टर सतत चालणारा आहे आणि पीआयडी नियंत्रक (मोजलेल्या फरकानुसार आपोआप दुरुस्ती करणारा) कॉस्टिकचा डोसिंग पंप कमीजास्त करून पीएच 9.8 वर राखतो. पीएचची रेषा सरळ दिसते, तरीही कणांचा सरासरी आकार ठरावीक अंतराने वरखाली होत राहतो. कण बारीक झाले की फिल्टर प्रेस तुंबते आणि केक (गाळून उरलेला अवक्षेपाचा थर) ओला निघतो.

माझी समजूत अशी आहे की, या हायड्रॉक्साइडच्या विद्राव्यता गुणाकारात (संपृक्त द्रावणातील आयनांच्या संहतींच्या गुणाकारात) हायड्रॉक्सिल आयनांच्या संहतीचा वर्ग येत असल्यामुळे, पीएच अवघा 0.3 ने चढला तरी आयनांचा गुणाकार चौपट होतो, अतिसंपृक्तता (मावेल त्याहून जास्त पदार्थ द्रावणात असणे) उसळते आणि असलेले कण वाढण्याऐवजी असंख्य नवे केंद्रक (कणांची सूक्ष्म बीजे) तयार होतात. त्यांच्या पृष्ठभागावर पुढचा अवक्षेप बसू लागला की अतिसंपृक्तता घटते, नवे केंद्रक थांबतात, आणि हे कण मोठे होऊन बाहेर वाहून गेले की पृष्ठभाग कमी पडून पुन्हा तेच घडते. कॉस्टिक जिथे पडते तिथली स्थिती तर दूर बसवलेल्या पीएच इलेक्ट्रोडला कळतच नाही.

उन्हाळ्यात त्रास वाढतो. पाण्याचा आयनिक गुणाकार (हायड्रोजन आणि हायड्रॉक्सिल आयनांच्या संहतींचा गुणाकार) 40 अंश सेल्सिअसला 25 अंशांच्या जवळजवळ तिप्पट असतो, म्हणजे तोच 9.8 पीएच मे महिन्यात जवळजवळ तिप्पट हायड्रॉक्सिल दाखवतो. मीटरमधील तापमान-दुरुस्ती केवळ इलेक्ट्रोडचा उतार (पीएचच्या एका एककामागे मिळणारा व्होल्टेजमधील फरक) सुधारते, हा फरक नाही. ही बाब आमच्याकडे फारशी कुणी लक्षात घेत नाही, असे मला वाटते. त्यातच इलेक्ट्रोडवर अवक्षेपाचा थर बसतो आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने धुतल्यावर वाचन सरकते.

म्हणून येणाऱ्या द्रावणाची घनता मोजून एका मोल मॅग्नेशियमला दोन मोल कॉस्टिक हे गुणोत्तर प्रवाहमापकांवरून राखावे, पीएचला फक्त संथ दुरुस्तीचे काम द्यावे, कॉस्टिक ढवळणीच्या पात्याजवळ सोडावे आणि थिकनरमधील (कण खाली बसवण्याच्या टाकीतील) घट्ट स्लरीचा काही भाग सीड (वाढीसाठी तयार कण) म्हणून परत आणावा, असा माझा विचार आहे. ज्यांनी असे प्रत्यक्ष चालवले आहे त्यांनी कृपया सांगावे : सीड परत आणल्याने हे चक्र शमते की केवळ लांबते, आणि परत आणायच्या स्लरीचे प्रमाण कशावरून ठरवावे?