आईच्या घोट्यावरची जखम 7 महिने भरत नाहीये, कोणतं ड्रेसिंग चांगलं?

मृण्मयी

आईचं वय 68. डाव्या पायाला, आतल्या घोट्याच्या चार बोटं वर जखम आहे. आधी खाजवून नुसतं साल निघालं होतं. आता ती 4 सेंमी लांब, 3 सेंमी रुंद झालीये. कडा वेड्यावाकड्या, तळ लालसर, मधे पिवळा चिकट थर. लस एवढी गळते की दुपारपर्यंत पट्टी भिजून मोजाही ओला होतो. भोवतालची कातडी तपकिरी आणि ताठ, हात लावला तर लाकडासारखी लागते. व्हेरिकोज व्हेन्स तिला माझ्या लहानपणापासून आहेत. मधुमेह नाही. डॉक्टरांनी शिरांमुळे झालेला व्रण असं सांगितलंय.

मी रोज सकाळी हायड्रोजन पेरॉक्साइडने धुते, पोव्हिडोन आयोडीन लावते आणि वर गॉज ठेवते. गॉज चिकटतो. तो सोडवताना आई ओठ आवळून बसते, मला बघवत नाही. अँटिबायोटिकचे 2 कोर्स झाले, महिनाभर चांदीचं ड्रेसिंगही केलं. फरक शून्य.

फोम, अल्जिनेट, हायड्रोकोलॉइड, मधाचं ड्रेसिंग अशी बरीच नावं वाचली आणि आणखीच गोंधळले. ज्यांनी खरंच वापरलंय त्यांनी सांगा, यातलं कुठलं घेऊ?

समीर_ज

बाबांच्या पायाला अगदी असंच झालं होतं. मधाच्या ड्रेसिंगने 4 महिन्यांत जखम भरली. दवाखान्यात दर आठवड्याला वरून जाड पट्टेही बांधायचे, पण गुण मधाचाच, असं आमच्या घरात सगळे मानतात. औषधी मधाचं निर्जंतुक ड्रेसिंग मिळतं, तेच घ्या. डब्यातला मध लावू नका.

अनघा_सिस्टर

मृण्मयीताई, जखमांच्या ओपीडीत मला 19 वर्षं झाली. तुम्ही एवढं बारकाईने लिहिलंत म्हणून आधी एक विचारते. आईच्या पायाला दाबाची पट्टी बांधताय का? तुमच्या सगळ्या मजकुरात ती कुठेच नाही, आणि माझ्या मते जखम अडलीये ती तिथेच.

पायातलं रक्त वर चढतं ते पोटरीच्या स्नायूंच्या जोरावर. चालताना स्नायू शिरा पिळतात आणि शिरांमधल्या झडपा रक्ताला परत खाली येऊ देत नाहीत. झडपा निकामी झाल्या की रक्त घोट्याशी तुंबतं. तिथला दाब वाढतो, पाणी आणि तांबड्या पेशी बाहेर झिरपतात. त्या पेशींमधलं लोह कातडीत साठतं, म्हणून ती तपकिरी दिसते. अशा तुंबलेल्या जागी कातडी फाटली तर भरणार कशी? तुम्ही वर ठेवाल ते ड्रेसिंग गळलेली लस टिपेल. गळती थांबवणं त्याच्या हातात नाही.

ती थांबते बाहेरून दाब दिल्यावर. घोट्याशी साधारण 40 मिमी पारा आणि गुडघ्याकडे जाताना कमी कमी, हे नेहमीचं माप. समीर, तुमच्या बाबांचे ते जाड पट्टे म्हणजे हेच होतं. मधाने त्रास झाला नाही हे चांगलंच, पण न्यूझीलंडमध्ये 368 रुग्णांवर मधाची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2008 साली आले. दोन्ही गटांना दाबाच्या पट्ट्या होत्या. मधाच्या गटात जखमा भरण्यात ठाम म्हणावा असा फरक दिसला नाही, दुखणं मात्र जास्त होतं. चांदीचंही तसंच. ब्रिटनमधल्या 2009 च्या चाचणीत चांदीचं ड्रेसिंग आणि साधं न चिकटणारं ड्रेसिंग 12 आठवड्यांनी जवळपास बरोबरीत होती.

पण ताई, हे वाचून आजच घट्ट पट्टी बांधू नका. आधी डॉप्लर (रक्ताचा प्रवाह ऐकवणारं छोटं यंत्र) लावून घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून घ्या. घोट्याचा आकडा भागिले दंडाचा. उत्तर 0.8 ते 1.3 च्या मधे आलं तर पूर्ण दाब चालतो. 0.8 च्या खाली म्हणजे धमन्यांतूनच रक्त कमी येतंय, तेव्हा तज्ज्ञाला विचारून हलका दाब. 0.5 च्या खाली दाब द्यायचाच नाही, पाय गमवायची वेळ येऊ शकते. 1.3 च्या वर आलं तर धमन्या कडक झाल्यात, त्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही, मग पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब बघतात. हृदयाचा त्रास, झोपताना धाप असं काही असेल तर तेही आधी सांगा.

आता तुमचा मूळ प्रश्न. लस भरपूर आहे तोवर फोम किंवा अल्जिनेट. अल्जिनेट समुद्री शेवाळापासून करतात. लस शोषली की त्याची जेल होते, त्यामुळे ते चिकटत नाही. लस कमी झाली की ते बंद करा, कोरड्या जखमेवर ते वाळून बसतं. मग सिलिकॉनची न चिकटणारी जाळी आणि वर साधं शोषक पॅड पुरतं. हायड्रोकोलॉइड आत्ता नको, एवढ्या लशीत कडा पांढऱ्या पडून कुजतील. दुखत असेल तर आतला थर सिलिकॉनचाच घ्या, काढताना कातडी ओढली जात नाही. सगळ्यात महाग ड्रेसिंगच्या मागे लागू नका.

पेरॉक्साइड मात्र आजच थांबवा, नवीन येणाऱ्या पेशी त्याने भाजतात. सलाइन किंवा पिण्याजोगं कोमट पाणी धुवायला पुरेसं आहे.

मृण्मयी

सिस्टर, डॉप्लर कुणी केलंच नाही. क्रेप बँडेज बांधायला सांगितलं होतं, मी बांधतेही, पण दुपारी ते घसरून घोट्याशी गोळा होतं. मग आई म्हणते टोचतंय, आणि मी काढून टाकते. 7 महिने मी नुसती ड्रेसिंगंच बदलत बसले, असं वाटायला लागलंय. आतून फार लागलं हे वाचून.

अनघा_सिस्टर

तुमची चूक नाही यात. एकट्या क्रेपने पुरेसा दाब मिळत नाही आणि जो मिळतो तो काही तासांत जातो. गोळा झालं की घोट्यावर वळ पडतो, ते काढलंत हे बरोबरच केलंत.

यासाठीच्या पट्ट्या वेगळ्या. चार थरांची पद्धत लंडनच्या चेरिंग क्रॉस हॉस्पिटलमध्ये 1980 च्या दशकात बसवली. आधी लोकरीसारखं मऊ पॅडिंग, मग क्रेप, मग ताणाची पट्टी, शेवटी स्वतःला चिकटणारी पट्टी. हल्ली दोन थरांचे संच जास्त चालतात. पॅडिंग वगळू नका. पाय जिथे बारीक तिथे त्याच ताणाने दाब जास्त पडतो आणि नडगीच्या हाडावर तर कातडीच फाटते. बोटांच्या मुळापासून गुडघ्याच्या खालपर्यंत, टाच झाकून. पहिले काही वेळा शिकलेल्या माणसाकडूनच बांधून घ्या, त्यांचा हात बघा. बोटं निळी किंवा गार पडली, बधिर झाली, दुखणं वाढत गेलं तर रात्री 2 वाजले असले तरी पट्टी सोडायची.

विनायक_काका

मी हे स्वतःच्या पायावर सव्वादोन वर्षं काढलंय. एक विचारतो, मृण्मयी, आई रात्री पलंगावर झोपते की खुर्चीत? दुखतं म्हणून मी आरामखुर्चीत पाय खाली सोडून झोपायचो आणि कुणाला सांगायचो नाही. सिस्टरनी हे काढून घेतलं तेव्हा कळलं की दिवसभराची मेहनत मी रात्री घालवत होतो. पाय छातीच्या वर राहतील असे दिवसातून 3-4 वेळा अर्धा अर्धा तास ठेवायला लागलो, भिंतीला हात टेकून टाचा वर-खाली करायला लागलो. पट्टी असताना चालणं चांगलं, नुसतं उभं राहणं वाईट.

पहिला आठवडा दाब सहन होत नाही. मी दोनदा कात्रीने पट्टी कापली. पंधरा दिवसांनी सूज उतरली आणि दुखणं निम्म्यावर आलं, तेव्हा पट्टीच बरी वाटायला लागली. आईला हे आधीच सांगून ठेव, नाहीतर ती सोडून देईल.

डॉ_केतकी

सिस्टरनी लिहिलंय त्याला दुजोरा. एक जोडते: शिरांचा डुप्लेक्स स्कॅन (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करून घ्या आणि व्हॅस्क्युलर म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सर्जनना लवकर दाखवा, जखम भरायची वाट बघू नका. ब्रिटनमधल्या 450 रुग्णांच्या चाचणीत (2018) बिघडलेली शीर पहिल्या 2 आठवड्यांत बंद केली तेव्हा जखम भरायला मध्यम मानाने 56 दिवस लागले, नंतर केली तेव्हा 82. दोन्हीकडे पट्ट्या होत्याच. ही प्रक्रिया बहुतेक वेळा भूल न देता, नुसती जागा बधिर करून होते.

आणि नीट दाब देऊनही 3 महिन्यांत हालचाल नसेल, किंवा कडा उंच, गाठीसारख्या व्हायला लागल्या, तर बायोप्सी मागा. जुन्या व्रणात क्वचित कॅन्सर होतो.

समीर_ज

माझं मत बदलतोय, सिस्टर. बाबांच्या जखमेला वास यायचा आणि वास आला की आम्ही अँटिबायोटिक सुरू करायचो. तेही चुकीचंच का?

अनघा_सिस्टर

नुसत्या वासाने नाही, आणि स्वॅबमध्ये (जखमेवर कापूस फिरवून केलेल्या तपासणीत) जंतू आले म्हणूनही नाही. जुन्या जखमेत जंतू असतातच. लाली पसरतेय, पाय गरम लागतोय, दुखणं एकदम वाढलंय, ताप आहे, असं असेल तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे. खाज सुटून लाल पुरळ आलं तर ते बऱ्याचदा मलमांचं असतं. निओमायसिन, लॅनोलिन आणि सुगंधी क्रीम या पायांना पटकन बाधतात. भोवतालच्या कातडीला साधं पांढरं पेट्रोलियम जेली लावा, बास.

मृण्मयी

5 आठवड्यांनी लिहितेय. डॉप्लर झालं: घोटा 132, दंड 128, म्हणजे 1.03. त्याच दिवशी दोन थरांची पट्टी बांधली. आधी आठवड्यातून दोनदा बदलत होते, आता एकदाच. आत सिलिकॉनची जाळी आणि पॅड, बाकी काही नाही. काकांनी सांगितलेलं तिला वाचून दाखवलं होतं. चौथ्या रात्री "काप ती पट्टी" म्हणून ती रडली. बोटं गरम आणि गुलाबी होती, म्हणून पाय उशांवर ठेवून तिच्याशी बोलत बसले, पहाटे झोपली.

जखम आता 3.1 बाय 2.2. पिवळा थर गेलाय, कडेने गुलाबी पातळ कातडी सरकतेय. मोजा कोरडा असतो. स्कॅनची तारीख पुढच्या मंगळवारची आहे.

पट्टी आठवडाभर ठेवायची तर अंघोळीचं काय करता तुम्ही सगळे? आणि जखम भरल्यावर ती सोडायची का?

विनायक_काका

वा, मृण्मयी! आईला माझा नमस्कार सांग. स्टुलावर बसून, पायाला गुडघ्यापर्यंत प्लास्टिकचं जलरोधक कव्हर घालून अंघोळ. पट्टी बदलायचा दिवस असेल तर आधी काढायची, पाय कोमट पाण्यात धुवायचा, टिपून कोरडा करायचा, मग नवीन पट्टी. मी त्या दिवसाची वाट बघायचो.

भरल्यावर पट्टी जाते, स्टॉकिंग म्हणजे दाब देणारा घट्ट लांब मोजा येतो. सकाळी पलंगावरून उतरायच्या आधी चढवायचं, सूज यायच्या आत. मी एका उन्हाळ्यात 2 महिने घातलं नाही आणि त्याच जागी परत फुटलं. रबरी हातमोजे घालून चढवायला सोपं जातं. दर 6 महिन्यांनी नवीन जोड घ्यायचा, जुन्याचा ताण जातो.

अनघा_सिस्टर

क्षेत्रफळ 12 वरून 7 च्या आत आलंय. पहिल्या महिन्याभरात एवढी घट होणाऱ्या जखमा सहसा पूर्ण भरतात. दर आठवड्याला पारदर्शक प्लास्टिकवर कडेची रेघ काढून ठेवा आणि सगळ्या रेघा स्कॅनच्या दिवशी सर्जनना दाखवा.