मदत हवी आहे: ४५-७०, काळी दारू, सहाव्या बारापासून नेम फुटतो

काळी_दारू_४५:
रविवारी सिल्हूटचा सामना आहे (प्राण्यांच्या आकाराची लोखंडी लक्ष्यं पाडायची), घाईत लिहितोय. शार्प्स रायफल, ४५-७० काडतूस, काळी दारू (जुनी, धूर करणारी), घरी ओतलेली शिशाची गोळी. १०० मीटरवर पहिल्या पाच गोळ्या दोन इंचांत बसतात, सहावीपासून घसरगुंडी. काल आठवी तर आडवी लागली. कागदावर गोल भोक नाही, लांबट चीर. दारू तोलून भरतो, प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) बदलून पाहिले, पुंगळ्या (काडतुसाची पितळी कवचं) नव्या आहेत. दारू किती ग्रेन (साधारण १५ ग्रेन म्हणजे एक ग्रॅम) करू तेवढं सांगा.

धूरलोट:
ग्रेनचं नंतर बघू. गोळी केवढी? वंगण कोणतं? दोन बारांमध्ये नळी पुसता का? हवा कशी होती? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

सत्तरचा_बार:
७० ग्रेन भरा. काडतुसाच्या नावातच आकडा आहे.

शिसेओत:
नाव १८७३ चं आहे. आजच्या पुंगळीचा तळ जाड, आत जागा कमी. ७० बसवायची तर फार दाबावी लागते. आकडा सोडा, दारू गोळीच्या बुडाला टेकते का ते बघा. गोळीखाली पोकळी राहता कामा नये.

काळी_दारू_४५:
टेकते. गोळी बसवतानाच दाबतो ना. गोळी ५०० ग्रेनची, शिशात थोडं कथील. वंगण बिनधुराच्या दारूच्या गोळ्यांना लावतात तेच, कडक कांडीवालं. पुसत नाही. दुपारचं कोरडं ऊन होतं. आता सांगा, किती ग्रेन?

शिसेओत:
गोळीने दारू दाबता? मऊ शिसं आहे ते, बूड फुगतं, गोळी वाकडी होते. आधी दारू दाबायच्या डायने दाबा, वर पुठ्ठ्याची चकती, मग गोळी नुसती हाताच्या जोराने बसली पाहिजे. दारू ओतताना नरसाळ्याला २४ इंची पाइप लावून हळूहळू सोडा, दाणे आपोआप दाट बसतात.

धूरलोट:
पण पहिल्या पाच नीट जातात म्हणजे मूळ दुखणं काजळीचं. काळी दारू जळली की तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग घनरूपच राहतो. काही धुरातून जातो, बाकी नळीत बसतो. कोरड्या हवेत त्याची टणक खपली होते. मधमाशीचं मेण आणि चरबीचं मऊ वंगण लावा आणि बार झाल्यावर नळीचं तोंड बघा. वंगणाचा ओलसर, चांदणीसारखा तारा उमटलेला दिसायला हवा.

फुंकनळी:
वंगण काही का असेना, फुंका! रिकाम्या पुंगळीला भोक पाडून पाइप बसवा, ती मागून घालून तीन-चार लांब, सावकाश श्वास सोडा. वाफेने खपली मऊ पडते.

धूरलोट:
कडक उन्हात फुंकून भागत नाही. ओलं फडकं, मग कोरडं. प्रत्येक बाराला नळी सारखीच साफ मिळते.

फुंकनळी:
सिल्हूटला वेळ बांधलेला असतो. फडकी फिरवत बसलात तर शेवटची लक्ष्यं तशीच उभी राहतील.

जुनी_पानं:
१८७४ च्या न्यूयॉर्कजवळच्या क्रीडमूरच्या सामन्यात आयरिश संघ तोंडाने भरायच्या रायफलींनी खेळला, अमेरिकन शार्प्स आणि रेमिंग्टनने. अमेरिका ९३४, आयर्लंड ९३१! एका आयरिश नेमबाजाची गोळी शेजारच्या लक्ष्यावर गेली होती. तीन गुणांचा सामना, काय वाटलं असेल त्याला.

गरम_पाणी:
घरी गेल्यावर साबणाचं गरम पाणी, मग तेल. पुंगळ्याही त्याच दिवशी पाण्यात टाका, नाहीतर हिरव्या पडतात. आणि काळ्या दारूच्या मापाने बिनधुराची दारू कधीही भरायची नाही, रायफल फुटेल.

काळी_दारू_४५:
साफसफाई मला येते. पण धूरलोट, नळीत फडकं घातलं तर मागून सरळ गेलं आणि तोंडाजवळ चार-पाच इंचांवर खरखरून अडकलं. तिथे सुकी राखाडी खपली, तारा नावालाही नाही. वंगण तिथवर पोचतच नव्हतं. मेण-चरबी लावली, डायने दाबलं, दर बारामागे तीन श्वास. आज सलग बारा गोळ्या, सगळी भोकं गोल. तोंडावर तारा दिसला तेव्हा बोट लावून बघितलं, ओला!
आता ५०० मीटरच्या मेंढ्याला साइट किती वर घेऊ? उद्याच्या उद्या हवंय.

धूरलोट:
साइट कोणती? १०० ला किती होती? २०० ला कोंबडीवर मारून बघितलंय का?